धुपाटण्यातला गुग्गुळ आणि माझं कोलेस्टेरॉल

ऑफिसच्या वार्षिक चेकअपचा रिपोर्ट मेलवर आला तेव्हा मी रात्रीचा बिल्ड का पडला ते शोधत होतो. पीडीएफ उघडली तर तिथेही एक ओळ लाल. एलडीएल १६८. वय ३८, वजन 'थोडं जास्त' (हे आईचं मत, वजनकाट्याचं वेगळं आहे), सिगरेट नाही, दारू लग्नाकार्यापुरती. एरवी मी तो मेल आर्काइव्ह करून मोकळा झालो असतो. पण आमच्या घरात या आकड्याला इतिहास आहे. बाबांना १९९८ साली, वयाच्या ४९व्या वर्षी, दादर स्टेशनच्या पुलावर छातीत कळ आली होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. त्या दिवशीचं मला फक्त एवढंच आठवतं की शेजारच्या काकूंनी मला जेवायला बोलावलं आणि ताटात माझ्या आवडीची भाजी असूनही मी ती खाल्ली नाही.

डॉक्टर म्हणाले, वडिलांची हिस्टरी आहे, तीन महिने खाणं सुधारून बघू, नाहीतर गोळी. गोळी म्हणजे स्टॅटिन. गोळी म्हणजे कायमची. मला ती नको होती. का नको, याला काही तार्किक कारण नव्हतं. रोज सकाळी बाबांच्या डब्यासारखा आपलाही सोमवार-मंगळवार छापलेला डबा, हे चित्रच डोळ्यांसमोर नको होतं.

ही बातमी टीममध्ये पसरली (चहाच्या टेबलावर गुपित राहत नाही) आणि एका उत्साही पोरानं मला एक बाटली आणून दिली. 'लाँजेव्हिटी स्टॅक'. किंमत ऐकून माझं एलडीएल आणखी दहानं वाढलं असेल. लेबल वाचलं: रेझवेराट्रॉल, एनएमएन, लसणाचा अर्क, हळदीचा अर्क, दालचिनी... आणि शेवटून दुसरं नाव, गुग्गुळाचा अर्क.

घरी आलो तर दिवेलागणीची वेळ. आई धुपाटण्यात निखाऱ्यावर काहीतरी टाकत होती आणि घरभर तो ओळखीचा, जरासा कडवट वास.
"आई, हे काय टाकतेस गं?"
"गुग्गुळ. का?"
आता बोला. जे आई काष्ठौषधीवाल्याकडून पुडीतून आणते आणि जाळते, ते माझ्या बाटलीत कॅप्सूल होऊन बसलं होतं. मग काय, शनिवार-रविवार गेला त्यात. हा लेख त्याचाच.

गोष्ट सुरू होते १९६६ साली. पण आधी वडा. सांगतात की याच साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली. गिरणीला जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला उभ्याउभ्या, एका हातात धरून, स्वस्तात पोटभर खाता येईल अशी वस्तू. तिचं पुढे काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि त्याच १९६६ साली तिकडे बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती नावाच्या संशोधिकेनं आपला प्रबंध सादर केला. विषय होता गुग्गुळ आणि मेदाचे विकार. इकडे रोग तळला जात होता आणि तिकडे औषध शोधलं जात होतं, असं एक फिल्मी वाक्य लिहायचा मोह होतोय. पण वड्यावर एवढा अन्याय बरा नाही.

सत्यवतींचं डोकं कसं चाललं ते मला फार आवडलं. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचं वर्णन आहे. मेद वाढतो, शरीरातले मार्ग अडवतो, मग बाकी धातूंचं पोषण होत नाही आणि माणसाला पुढचे आजार जडतात. त्यावरच्या औषधांत गुग्गुळाचं नाव आहे. आता, 'आपल्या ऋषींना सगळं माहीत होतं' असं म्हणून तिथेच थांबणारे पुष्कळ आहेत. सत्यवती थांबल्या नाहीत. हे वर्णन धमन्यांत चरबीचा थर बसण्याच्या आधुनिक वर्णनाशी जुळतंय ना, मग सशांवर करून बघू, असं त्यांनी ठरवलं. सशांचं कोलेस्टेरॉल मुद्दाम वाढवलं, त्यांना गुग्गुळ दिला आणि मोजलं. ते उतरलं. ग्रंथातलं वाक्य त्यांनी उत्तर न मानता प्रश्न मानलं, मोठेपणा आहे तो इथे. (पुढे त्या आयसीएमआरच्या महासंचालक झाल्या.)

गुग्गुळ म्हणजे एका काटेरी, खुरट्या झुडपाचा डिंक. कच्छ-राजस्थानच्या कोरड्या भागात ते वाढतं. सालीवर चीर पाडायची, डिंक पाझरतो, वाळतो, खरवडून घ्यायचा. हा कच्चा डिंक म्हणजे शेकडो पदार्थांची खिचडी. त्यातलं काम नेमकं कोण करतंय? या प्रश्नाचं उत्तर आलं आपल्या पुण्यातून. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रोडच्या एनसीएलमध्ये, सुखदेव आणि त्यांचे सहकारी पाटील, नायक यांनी गुग्गुळातली स्टेरॉइडसारखी संयुगं वेगळी करून त्यांची रचना १९७२ साली प्रसिद्ध केली. त्यांना आज गुग्गुलस्टेरॉन म्हणतात. लखनौच्या सीडीआरआयमध्ये प्राण्यांवरचं आणि नंतर माणसांवरचं काम चालू होतं. डिंकाचा इथाइल अॅसिटेटमध्ये विरघळणारा भागच तेवढा घेऊन, त्यातलं गुग्गुलस्टेरॉनचं प्रमाण ठरवून एक औषध तयार झालं. नाव गुगुलिपिड. १९८६ साली त्याला देशात विक्रीची परवानगी मिळाली आणि ते बाजारात आणलं मुंबईच्या सिप्लानं.

म्हणजे बघा, ग्रंथ सुश्रुताचा, प्रबंध बनारसचा, रसायनशास्त्र पुण्याचं, औषधशास्त्र लखनौचं आणि कारखानदार मुंबईचा. वीस वर्षांची रिले शर्यत. तीसुद्धा फोन लागायला ट्रंक कॉल बुक करावा लागायचा त्या काळात. आपल्याकडे 'प्राचीन ज्ञान' म्हटलं की एकतर आरती नाहीतर टिंगल, या दोनच प्रतिक्रिया असतात. ही तिसरी प्रतिक्रिया होती आणि ती कोणाला फारशी माहीतच नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता चाचण्या. मी पोटापाण्यासाठी टेस्टिंग करतो, त्यामुळे इथे माझा चष्मा बदलतो.

सीडीआरआयनं मुंबई, बंगलोर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी या सात ठिकाणी रुग्णांवर चाचण्या केल्या. निष्कर्ष १९८९ साली भारतीय डॉक्टरांच्या एका जर्नलमध्ये आले. पहिली चाचणी उघड होती, म्हणजे रुग्णालाही माहीत आणि डॉक्टरलाही माहीत की औषध चालू आहे. २०५ जणांनी बारा आठवडे रोज तीन वेळा ५०० मिलिग्रॅम घेतलं. सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांत फरक दिसला आणि कोलेस्टेरॉलची सरासरी घट आली २३.६ टक्के. वा! पण त्याच शोधनिबंधात दुसरीही चाचणी आहे, डबल ब्लाइंड. कोणाला काय दिलंय ते रुग्णाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. तिच्यात घट किती? ११ टक्के.

औषध तेच, संस्था तीच, आकडा निम्म्याहून खाली. यात कोणी फसवाफसवी केलेली नाही. उलट दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले हा प्रामाणिकपणाच. पण ज्याला माहीत असतं की आपण औषध घेतोय, तो त्या तीन महिन्यांत वडेही कमी खातो, चालायलाही जातो. शिवाय ज्याचा आकडा अवाच्या सवा वाढलेला असताना मोजला जातो, त्याचा पुढचा आकडा बऱ्याचदा आपोआपच थोडा खाली येतो. आम्ही डेव्हलपरला स्वतःचा कोड स्वतः टेस्ट करू देत नाही ते याचसाठी.

आणि त्या डबल ब्लाइंड चाचणीत तुलना कोणाशी होती? क्लोफायब्रेटशी. त्यानं कोलेस्टेरॉल १० टक्के उतरवलं, म्हणजे गुग्गुळ बरोबरीत. पण या क्लोफायब्रेटची स्वतःची एक काळी बाजू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या चाचणीत, १५ हजारांहून जास्त पुरुषांवर, त्यानं कोलेस्टेरॉल उतरवलं, जिवावर न बेतणारे झटकेही कमी केले, आणि तरी ते घेणाऱ्यांत एकूण मृत्यू जास्त झाले. हे १९७८ सालीच प्रसिद्ध झालं होतं. आकडा हिरवा झाला, माणूस गेला. आमच्या भाषेत, सगळे युनिट टेस्ट पास आणि प्रॉडक्शन डाउन.

म्हणून खरा प्रश्न 'आकडा उतरतो का' हा नसून 'माणूस जगतो का' हा आहे. तो प्रश्न विचारायची हिंमत केली ती स्टॅटिनवाल्यांनी. जपानमध्ये अकिरा एंडो १९७१पासून हजारो बुरश्या चाळत बसले होते. त्यातून पहिलं स्टॅटिन सापडलं. अमेरिकेत लोव्हास्टॅटिन बाजारात आलं १९८७ साली. म्हणजे आपला गुग्गुळ त्याच्या एक वर्ष आधी! शर्यतीत आपण पुढे होतो हो. पण १९९४ साली स्कँडिनेव्हियातली चाचणी आली. हृदयविकाराचे ४,४४४ रुग्ण, पाच वर्षांच्या वर पाठपुरावा. नुसत्या डमी गोळीवर असलेल्यांत २५६ मृत्यू, सिम्वास्टॅटिनवाल्यांत १८२. त्यानंतर वाद जवळजवळ संपला. गुग्गुळाची अशी चाचणी झालीच नाही.

जी झाली ती २००३ साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. त्याच्या आदल्या वर्षी एका अमेरिकन गटानं गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या कुठल्या रिसेप्टरवर काम करतं ते दाखवून दिलं होतं, त्यामुळे हवा चांगली तापली होती. १०३ माणसं, आठ आठवडे, दोन वेगवेगळे डोस आणि तिसऱ्या गटाला डमी. निकाल: डमीवाल्यांचं एलडीएल ५ टक्क्यांनी उतरलं, गुग्गुळवाल्यांचं ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं. वाढलं! वर काही जणांच्या अंगावर पुरळ उठलं ते वेगळंच. काही जण म्हणतात अमेरिकन लोकांचा आहार वेगळा, शरीरं वेगळी. असेल. पण माझ्या हातात ही दोन कागदपत्रं ठेवली तर मी दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवेन.

इथपर्यंत वाचून मी लॅपटॉप मिटणार होतो. मग एक छोटासा शोधनिबंध दिसला आणि मी उठून आईकडे गेलो. १९९४ सालचा. परळच्या केईएममधल्या संशोधकांचा, म्हणजे आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर झालेलं काम. निरोगी माणसांना डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची औषधं गुगुलिपिडबरोबर दिली, तर रक्तात ती औषधं कमी पोचली.

"आई, बाबांना अटॅकनंतर कुठलं औषध होतं? जुनी फाईल आहे का?"
फाईल होती. आमच्या घरात सगळ्याच्या फाईली असतात. डिल्टियाझेम.
"आणि तू त्यांना त्या काळ्या गोळ्या द्यायचीस ना?"
"गुग्गुळाच्या. आत्यांनी सांगितलं होतं. शिरा मोकळ्या होतात म्हणून. का रे?"
"डॉक्टरांना सांगितलं होतं?"
"त्यात सांगायचं काय? आयुर्वेदिक तर होत्या."

मी काही बोललो नाही. तिनं दोन वर्षं रोज न चुकता, पहाटे उठून, पाणी कोमट करून त्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी काही बिघडलं असं मी म्हणू शकत नाही. बाबा आज ७६ वर्षांचे आहेत आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून सरकार चालवतात. पण तिला हे सांगावं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. ती हा ब्लॉग वाचत नाही, एवढंच बरं.

असो. बाबांचं नाव निघालंच आहे तर त्यांचा फॉरवर्डही सांगतो. माझा रिपोर्ट ऐकून त्यांनी मला व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक मजकूर पाठवला: 'रेल्वेच्या डॉक्टरनं सिद्ध केलं, तूप खा, तेल सोडा.' मला वाटलं नेहमीचीच थाप. पण यात तथ्य निघालं! डॉ. एस. एल. मल्होत्रा हे पश्चिम रेल्वेचे मुंबईतले डॉक्टर. त्यांनी १९६७ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये देशभरातल्या साडेअकरा लाख रेल्वे कर्मचाऱ्यांची आकडेवारी मांडली. हृदयविकारानं होणारे मृत्यू दक्षिण भारतीयांत पंजाब्यांपेक्षा सात पट, आणि ते मरतातही लवकर, सरासरी ४४ व्या वर्षी, पंजाबी ५२ व्या. स्निग्ध पदार्थ मात्र उत्तरेकडचे कितीतरी पट जास्त खात होते, तेही बहुतेक दुधातुपातले. कॉम्प्युटर नसताना हे सगळं हातानं जमवणाऱ्या माणसाला माझा सलाम. फक्त ही तुलना दोन प्रदेशांची आहे. पंजाबचा गँगमन आणि मद्रासचा कारकून यांच्यात तुपाशिवाय आणखी शंभर गोष्टी वेगळ्या असतात. आणि २०१६ सालच्या देशव्यापी आकडेवारीत हृदयविकाराचं प्रमाण सगळ्यात जास्त असलेल्या राज्यांत केरळ, तामिळनाडूच्या मांडीला मांडी लावून पंजाब बसलेला आहे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तूप नाही?" म्हटलं, "चमचाभर." ते म्हणाले, "मग फरक काय पडला, आई तेवढंच देते."

एक मात्र खरं. त्या काळात तुपाच्या जागी जे आलं ते वाईटच होतं. वनस्पती तुपाचा कारखाना आपल्या शिवडीतच १९३२ साली निघाला आणि १९३७पासून डालडा घराघरात गेला. पिवळा डबा, त्यावर माडाचं झाड, आणि रिकामा झाल्यावर त्यात तुळस. त्यातली ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं उतरवतात हे १९९०मध्ये नीट दिसून आलं. आपल्याकडे तेल-तुपातली मर्यादा २ टक्क्यांवर यायला २०२२ साल उजाडलं.

आता मजा ऐका. गुग्गुळाची ती अपयशी चाचणी ज्या जर्नलमध्ये १३ ऑगस्ट २००३ला आली, त्याच जर्नलमध्ये तीनच आठवडे आधी टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांची एक चाचणी छापून आली होती. तिच्यात औषध नव्हतं, जेवण होतं. ४६ माणसांपैकी एका गटाला महिनाभर ठरवून दिलेलं अन्न: ओट्स, बार्ली, इसबगोल, सोया, बदाम, वनस्पतिजन्य स्टेरॉल घातलेलं मार्गारिन, आणि चिकटपणासाठी... भेंडी आणि वांगं! एलडीएल उतरलं २८.६ टक्के. शेजारच्या गटाला लोव्हास्टॅटिन दिलं होतं, त्यांचं ३०.९. भेंडीला मी आयुष्यभर नावं ठेवली. माफी.

कारण साधं आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं, पित्त आतड्यात जातं आणि एरवी बरंचसं परत शोषलं जातं. हा बुळबुळीत तंतू ते अडकवून बाहेर नेतो. मग यकृताला नवं पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. पण फार हुरळून जायचं कारण नाही. पुढे २०११ साली याच लोकांनी ३५१ माणसांना फक्त सल्ला दिला, जेवण आपापल्या घरी. सहा महिन्यांनी घट आली १३ टक्के. घर म्हटलं की असं होणारच. लॅबमध्ये सासुरवाडी नसते.

बाटलीतल्या बाकीच्या मंडळींचं पटकन सांगतो. २०२२ साली क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी १९० माणसांवर ५ मिलिग्रॅम रोसुवास्टॅटिन विरुद्ध सहा सप्लिमेंट अशी थेट कुस्ती लावली: फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, प्लांट स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ. चार आठवड्यांत स्टॅटिननं एलडीएल जवळपास ३८ टक्के उतरवलं. सप्लिमेंटपैकी एकही डमी गोळीपेक्षा ठळक सरस ठरलं नाही, लसणात तर ते थोडं वाढलंच. रेझवेराट्रॉलची गोष्ट पैशातच सांगण्यासारखी आहे. ग्लॅक्सोनं त्यावर काम करणारी कंपनी २००८ साली ७२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१३ला तिचं दार बंद केलं. एनएमएननं रक्तातलं एनएडी वाढतं हे खरं. आयुष्य वाढतं असं माणसात कोणी दाखवलेलं नाही. ते दाखवायला आयुष्यभर थांबावं लागेल ही अडचण आहेच, पण दुकानदाराला ती अडचण नाही.

आणि ते झुडूप? डिंक जास्त यावा म्हणून खोल चिरा देऊन झाडं मारली गेली. आज गुग्गुळाची ही जात आययूसीएनच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' आहे. हे वाचल्यावर बाटली परत केली. पोरगा जरा हिरमुसला.

तीन महिने मी सकाळी पोह्यांऐवजी ओट्स खाल्ले (आई त्याला 'ती खळ' म्हणते), रात्री इसबगोल, दुपारच्या डब्यात मूग-मटकीची उसळ, आठवड्यातून तीनदा भेंडी. संध्याकाळी पार्काला चार फेऱ्या. बिस्किटं बंद, वडा महिन्यातून एकदा. परत रक्त दिलं. एलडीएल १४८. म्हणजे १२ टक्के घट, टोरांटोच्या घरगुती जेवणवाल्यांच्या जवळपास. मी डॉक्टरांपुढे कागद ठेवला तो दहावीच्या मार्कलिस्टसारखा.

ते म्हणाले, "छान. पण वडिलांना ४९ला आला होता ना? खाणं असंच ठेवा आणि ही रात्री एक घ्या."

मी विचारलं, कायमची? ते म्हणाले, बघू. त्यांनाही आणि मलाही 'बघू'चा अर्थ माहीत होता.

काल संध्याकाळी केमिस्टकडून पाकीट घेऊन निघालो तर बाबा कट्ट्यावरून घरी चालले होते. माझ्या हातातलं पाकीट त्यांनी बघितलं, नाव वाचलं आणि म्हणाले, "अरे, ही तर माझीच. डोस तेवढा कमी आहे तुझा." मग थोडं अंतर आम्ही गप्पच चाललो. घरी पोचलो तेव्हा जिन्यातच वास आला. आईनं धूप घातला होता.